ब्रिटनमधल्या चॅरिटी शॉपमध्ये कामाच्या वस्तू कशा शोधाव्यात : नव्याने आलेल्यांसाठी

ब्रिटनमध्ये शिकायला किंवा नोकरीला आलेल्या माणसाचा पहिल्या महिन्यातला खर्च बघितला की जीव तुटतो. भाडं आणि डिपॉझिट भरून हात रिकामा झालेला असतो आणि नेमकं तेव्हाच थंडीचा कोट, पांघरूण, चार भांडी, टेबल, दिवा असं सगळं एकदम लागतं. मग बहुतेक जण दुकानातलं सगळ्यात स्वस्त नवं उचलतात. तो कोट एका हिवाळ्यात उसवतो, तो तवा सहा महिन्यांत सोलवटतो. तेवढ्याच पैशांत पुढची कित्येक वर्षं टिकेल अशी लोकर आणि जाड बुडाचं स्टील जवळच्याच चॅरिटी शॉपमध्ये पडलेलं असतं. स्वस्त मिळतं म्हणून तिथे जाऊ नका. त्याच पैशांत जास्त चांगला माल मिळतो, म्हणून जा. हे एकदा डोक्यात बसलं की काय घ्यायचं आणि काय सोडायचं ते आपोआप ठरत जातं.

आधी या दुकानांबद्दल थोडं. लोक वापरून झालेल्या वस्तू संस्थेला दान देतात, संस्था त्या विकते आणि नफा संस्थेच्या कामाला जातो. ऑक्सफॅम या गरिबीविरुद्ध काम करणाऱ्या संस्थेने १९४७ साली ऑक्सफर्डच्या ब्रॉड स्ट्रीटवर दुकान सुरू केलं, आणि आज देशभरात अशी दहा हजारांच्या वर दुकानं आहेत. ब्रिटिश हार्ट फाउंडेशन, कॅन्सर रिसर्च यूके, बर्नार्डोज, ब्रिटिश रेड क्रॉस, शेल्टर, एज यूके ही नावं तुम्हाला बऱ्याच गावांत दिसतील. शिवाय त्या त्या भागातल्या हॉस्पिसची दुकानं असतात. हॉस्पिस म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजारात माणसाची शेवटपर्यंत काळजी घेणारी संस्था. तिचा मोठा खर्च लोकांच्या देणग्यांवर आणि अशा दुकानांवर चालतो. दुकानात एखादा पगारी मॅनेजर असतो, बाकीचे बहुतेक स्वयंसेवक. दान आलेल्या वस्तूंच्या विक्रीवर व्हॅट शून्य आणि जागेच्या स्थानिक करात किमान ८० टक्के सवलत, म्हणून मुख्य रस्त्यावर दुकान थाटूनही त्यांना कमी भाव ठेवता येतो.

वापरलेले कपडे म्हटलं की आपल्याकडच्या बऱ्याच जणांचं मन जरा मागे सरतं. पण आपल्याच घरांत बाळाला पहिलं झबलं दुसऱ्याच्या धडधाकट मुलाचं मागून आणून घालतात आणि ते शुभ मानतात. इथे तर शिक्षक, डॉक्टर, वकील सगळेच या दुकानांत येतात, कोणी तुमच्याकडे वळूनही बघत नाही. घरी आणल्यावर कपडा धुवायचा आणि मग घालायचा, एवढंच.

निघण्याआधी

फोनमध्ये यादी करा. 'भांडी' असं मोघम लिहू नका. 'दोन लिटरचं झाकणाचं पातेलं, बूड सपाट' असं लिहा. यादी नसेल तर एक पौंडाचे सहा शोभेचे मग घरी येतात आणि पातेलं राहूनच जातं.

मग मापं घ्या. खोलीतल्या कोनाड्याची लांबी-रुंदी, दाराची रुंदी, जिन्याचं वळण. तुमचं छातीचं, कमरेचं आणि खांद्याचं माप सेंटिमीटर आणि इंच अशा दोन्हींत लिहून ठेवा, कारण जुन्या कपड्यांवरचे आकडे आजच्या आकड्यांशी जुळत नाहीत. वीस-तीस वर्षांपूर्वीचा बाराचा साइज आजच्या दहाला बसतो. बुटांचा मात्र त्रास नाही. भारतात वापरतात ते नंबर बहुतेक ब्रिटिशच असतात.

खिशात मोजपट्टी आणि फ्रिजवर लावतात तसं एक छोटं लोहचुंबक ठेवा. चुंबकाचा उपयोग पुढे सांगतो. सोबत एक भक्कम पिशवीही घ्या.

कुठे आणि कधी

माल आसपासच्या घरांतून येतो. त्यामुळे दुकान ज्या वस्तीत, तसा माल. लंडनमध्ये चेल्सी, मॅरिलबोन, रिचमंड, विम्बल्डन, एडिनबरात स्टॉकब्रिज, बर्मिंगहॅममध्ये हार्बोर्न, मँचेस्टरमध्ये डिड्सबरी अशा सुखवस्तू भागांतल्या दुकानांत उत्तम लोकर आणि चामडं येतं. फक्त चेल्सीसारख्या ठिकाणी मॅनेजरलाही ब्रँड कळतो, त्यामुळे भाव चढा असतो. माझं मत विचाराल तर सर्वांत चांगला सौदा मध्यमवर्गीय, निवृत्त लोकांच्या छोट्या गावात, तिथल्या हॉस्पिसच्या दुकानात होतो. घर आवरताना लोक चाळीस वर्षं जपलेली भांडी तिथे आणून देतात, आणि दुकानाला ती लवकर हलवायची असतात. हॅरो, वेम्बली, लेस्टर अशा भारतीय वस्तीच्या भागांत अधूनमधून स्टीलचे डबे, साड्या, कुर्तेही दिसतात.

वेळेबद्दल पक्का नियम नाही. पण लोक शनिवार-रविवारी घर आवरतात आणि सोमवारी पिशव्या पोचवतात, मग माल निवडून, टॅग लावून रॅकवर यायला एक-दोन दिवस जातात. म्हणून मंगळवार-बुधवारची सकाळ मला बरी वाटते. शनिवारी दुपारी गर्दी असते आणि चांगलं ते उचललेलं असतं. जानेवारीत नाताळच्या नको असलेल्या भेटवस्तू येतात, बऱ्याचशा न उघडलेल्या. विद्यापीठाच्या गावांत जूनमध्ये वर्ष संपलं की विद्यार्थी खोल्या रिकाम्या करतात आणि दिवे, भांडी, हँगर, फायली यांचा पूर येतो. सप्टेंबरमध्ये येणाऱ्या विद्यार्थ्याला ऑक्टोबरमध्ये कोट शोधायचा असतो, तेव्हा सगळेच शोधत असतात. जमलं तर ऑगस्टच्या शेवटी किंवा सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यातच बघायला लागा.

एका फेरीत काही मिळालं नाही तर निराश होऊ नका. रॅकवरचा माल सतत बदलत असतो. दोन-तीन आठवड्यांत विकलं नाही ते दुसऱ्या शाखेत किंवा कापड गोळा करणाऱ्या व्यापाऱ्याकडे जातं. घराजवळच्या दोन दुकानांत येता-जाता पाच मिनिटं डोकावणं हे महिन्यातून एकदा दिवसभर हिंडण्यापेक्षा जास्त फळतं.

कपडे : डोळ्यांआधी हाताने बघा

रॅकपाशी उभं राहून एकेक हँगर सरकवत बसू नका. तळहात कपड्यांच्या बाह्यांवरून फिरवत चला. ॲक्रिलिक म्हणजे कृत्रिम सूत हाताला किंचित चिकट आणि हलकं लागतं, लोकर कोरडी, जड आणि ऊबदार. हात थांबला की तो कपडा बाहेर काढा आणि आतला लेबल वाचा. कोटात ७० टक्क्यांच्या वर लोकर हवी. स्वेटरमध्ये लॅम्ब्सवूल, मेरिनो किंवा कॅशमिअर अशा मऊ लोकरीचं नाव लिहिलेलं असेल तर नव्या ॲक्रिलिक स्वेटरच्या किमतीत तुम्हाला त्याच्यापेक्षा जास्त ऊब मिळते. मार्क्स अँड स्पेन्सर या ब्रिटिश दुकान-साखळीचे जुने कपडे मला विशेष आवडतात. 'सेंट मायकल' हे त्यांचं लेबल २००० सालच्या सुमारास बंद झालं. म्हणजे ते दिसलं तर कपडा किमान पंचवीस वर्षं जगलेला आहे आणि अजून धड आहे. त्याच्या टिकाऊपणाचा यापेक्षा मोठा पुरावा कुठला? उलट, नवा असतानाच पाच-सात पौंडांना मिळणारा झटपट फॅशनचा टॉप इथे चार पौंडांना टांगलेला असेल तर सोडून द्या. त्यात धुण्यात टिकण्यासारखं काही उरलेलं नसतं.

कोट हातात आला की असा बघा. खिडकीजवळ न्या आणि उजेडासमोर धरा. तांदळाच्या दाण्याएवढी भोकं दिसली तर कसर लागलेली आहे. एखादं भोक रफू होतं, पाच-सहा असतील तर परत टांगा. मग काखेत बघा, अस्तर सर्वांत आधी तिथे विरतं. बाहीची कड आणि कॉलरची आतली बाजू बघा, मळाची चकाकी तिथे बसते आणि ती सहज जात नाही. चेन वरपासून खालपर्यंत दोनदा ओढा. तुटकं बटण हे काही वाईट चिन्ह नाही, बऱ्याच कोटांच्या आतल्या शिवणीत एक जादा बटण शिवलेलं असतं. शेवटी वास घ्या. डांबरगोळ्यांचा वास बाल्कनीत चार दिवस टांगला की जातो. बुरशीचा कुबट वास मात्र कपड्याच्या आत मुरलेला असतो, तो घेऊ नका.

पावसाचं जाकीट घेताना ते उलटं करा. आतल्या शिवणींवर पारदर्शक पट्टी असते, ती सुटायला लागली असेल किंवा आतला थर हाताला चिकट लागून त्याचे पापुद्रे निघत असतील, तर बाहेरून कितीही छान दिसो, ते पाणी अडवणार नाही. पिसांचं जाकीट हलकेच दाबून बघा. शिवणींतून बारीक पिसं डोकावत असतील तर हिवाळाभर ती घरात उडत राहतील.

लोकरीचा कपडा घरी आणल्यावर कपाटात सरळ ठेवू नका, कसरीची अंडी डोळ्यांना दिसत नाहीत. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेवा, मग गार पाण्यात हलक्या हाताने धुवा आणि टॉवेलवर पसरून वाळवा. ओला स्वेटर दोरीवर टांगला की ओघळतो, मशीनमध्ये गरम पाण्यात घातला की आटतो आणि नमद्यासारखा कडक होतो. दुकानात हाताला असा कडक लागणारा स्वेटर दिसला, तर आधीच्या मालकाकडे हेच झालेलं असतं.

बुटांचा तळवा बघा. टाच एका बाजूने झिजलेली असेल तर तो बूट दुसऱ्याच्या चालीला घडलेला आहे, तुमचा गुडघा दुखू शकतो. अंतर्वस्त्रं आणि हेल्मेट वापरलेली घेऊ नयेतच.

स्वयंपाकघर

भारतातून आणलेला ॲल्युमिनियमचा कुकर इंडक्शनच्या शेगडीवर ठेवला की शेगडी दाद देत नाही, असं दर वर्षी कितीतरी जणांच्या बाबतीत होतं. म्हणून भाड्याच्या घरातली शेगडी गॅसची आहे, सिरॅमिकची (सपाट काचेखाली विजेवर तापणारी) की इंडक्शनची, ते आधी विचारा. इंडक्शन असेल तर चुंबक काढा आणि भांड्याच्या बुडाला लावा. घट्ट चिकटलं तर भांडं चालेल, नुसतं घरंगळलं तर नाही. बाजूला चिकटून उपयोग नाही, बुडालाच चिकटायला हवं. सिरॅमिकवर चुंबकाची गरज नाही, पण बूड सपाट हवं. भांडं काउंटरवर ठेवून बोटाने डोलवून बघा. गोल बुडाची कढई या दोन्ही शेगड्यांवर निरुपयोगी, हे लक्षात ठेवा.

जाड बुडाची स्टीलची पातेली, बिडाची भांडी आणि काच या तीन गोष्टी हमखास बघण्यासारख्या आहेत. बिडाच्या तव्यावर गंज असेल तर घाबरू नका, घासून तेल लावून तापवला की तो पुन्हा उभा राहतो. चीर मात्र नको. तवा उचलून बोटाच्या पेराने वाजवा, खणखणीत वाजला पाहिजे, भद्द आवाज आला तर ठेवून द्या. काचेत पायरेक्स, म्हणजे ओव्हनची उष्णता सोसणारी काच, बघा. ब्रिटिश पायरेक्स संडरलँडमध्ये १९२० च्या दशकापासून २००७ पर्यंत बनत होतं आणि त्याची झाकणाची भांडी या दुकानांत नेहमी असतात. दही लावायला, फ्रिजमध्ये भाजी ठेवायला, ओव्हनमध्ये काही भाजायला त्याच्यासारखं दुसरं नाही. कडेवरून बोट फिरवा. टवका उडालेला असेल तर ओव्हनच्या उष्णतेत ते भांडं दगा देऊ शकतं.

किल्नर या ब्रँडच्या घट्ट झाकणाच्या काचेच्या बरण्या मिळाल्या तर घ्याच. लोणचं, डाळी, भाजणी, मेतकूट सगळ्याला उत्तम. आतलं रबर कडक झालेलं असेल तरी हरकत नाही, नवं रबर थोडक्या पैशांत वेगळं मिळतं. पोळपाट हवा असेल तर इकडच्या लोकांनी पेस्ट्री लाटायला ठेवलेला संगमरवरी पाट शोधा. पोळ्या त्यावर झकास लाटल्या जातात. लाटणं मात्र इथलं जाड आणि बोजड असतं, ते आपलं घरूनच आणावं.

ओरखडे गेलेलं नॉनस्टिक कधीही घेऊ नका. आतून रंगवलेल्या किंवा नक्षीकाम केलेल्या जुन्या चिनी मातीच्या भांड्यांच्या झिलईत शिसं असू शकतं. ती भिंतीवर लावायला ठीक, त्यांत चिंचेचं सार वाढू नये.

फर्निचर आणि विजेच्या वस्तू

यांच्यासाठी मुख्य रस्त्यावरचं छोटं दुकान कामाचं नाही. ब्रिटिश हार्ट फाउंडेशनची फर्निचर आणि विजेच्या वस्तूंची मोठी वेगळी दुकानं आहेत. एमेअस (Emmaus) ही बेघरांना निवारा आणि काम देणारी संस्थाही फर्निचर विकते. पैसे देऊन ते घरपोच करायची सोय बहुधा असते, पण वरच्या मजल्यावर चढवतील का ते आधी विचारून घ्या.

सोफा किंवा गादीची खुर्ची घेताना आगीपासूनच्या सुरक्षिततेचा शिवलेला लेबल शोधा. १९८८ च्या नियमांनुसार तो लागतो. तो नसलेला सोफा चॅरिटी शॉप विकत नाही, म्हणूनच रस्त्यावर 'फुकट घेऊन जा' अशी चिठ्ठी लावून पडलेल्या सोफ्यापेक्षा हा बरा. शिवणींच्या खाचा टॉर्चने बघा, काळे ठिपके दिसले तर ढेकणांची शंका घ्या. लाकडी सामानाची मागची आणि खालची बाजू बघा. टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं आणि त्याखाली ताजा फिकट भुगा असेल तर किडा अजून जिवंत आहे. भोकं जुनी, आतून काळवंडलेली असतील तर बहुतेक तो कधीच निघून गेलेला असतो.

विजेच्या वस्तूवर तपासणीचा स्टिकर हवा, त्यावर 'पास' आणि तारीख असते. बरीच छोटी दुकानं विजेच्या वस्तू घेतच नाहीत, कारण तपासायला शिकलेलं माणूस लागतं. दुकानातच प्लग लावून चालवून दाखवायला सांगा, त्यात संकोच नको.

मुलांसाठी

मुलांची पुस्तकं एकेका पौंडाला मिळतात, जिगसॉ आणि बोर्ड गेमही. तुकडे पूर्ण आहेत असं झाकणावर लिहिलेलं नसेल तर एखादा कमी निघाला तरी चालेल अशीच किंमत द्या. शाळेच्या गणवेशासाठी आधी शाळेलाच विचारा. इंग्लंडमध्ये जुने गणवेश पालकांना मिळतील अशी सोय शाळांनी करावी, असं सरकारी मार्गदर्शनच आहे. फक्त गाडीतली मुलांची सीट वापरलेली घेऊ नका. ती अपघातातून गेली आहे की नाही हे बाहेरून कळत नाही, आणि बहुतेक चॅरिटी शॉप याच कारणाने ती दानातही घेत नाहीत. पाळण्याची गादीही नवीच घ्यावी.

भाव आणि परतफेड

साधारण अंदाज असा : पुस्तक एक ते तीन पौंड, शर्ट किंवा स्वेटर चार ते दहा, चांगला कोट पंधरा ते तीस. एखाद्या वस्तूचा भाव जास्त वाटला तर तिथेच उभं राहून फोनवर ती नवी कितीला मिळते आणि वापरलेली ईबेवर कितीला विकली गेली, ते बघा.

घासाघीस इथे करू नये, असं मला मनापासून वाटतं. काउंटरवरच्या आजींना भाव कमी करायचा अधिकार नसतो, आणि तो पैसा कोणाच्या तरी औषधोपचाराला जाणार असतो. वस्तूत डाग किंवा तुटकं काही सापडलं, तर ते दाखवून 'मॅनेजरना विचाराल का?' एवढं म्हणायला हरकत नाही. सूट हवी असेल तर एक पौंडाचा रॅक कुठे आहे, विद्यार्थ्यांना सवलत आहे का, हे विचारा.

पावती जपून ठेवा आणि टॅग लगेच कापू नका. आवडलं नाही म्हणून परत घ्यायला दुकान कायद्याने बांधील नाही. तरी बरीच दुकानं ठरावीक दिवसांत बदलून देतात, त्यांचा नियम पावतीवर छापलेला असतो. वस्तू सदोष निघाली तर गोष्ट वेगळी. २०१५ चा ग्राहक हक्क कायदा चॅरिटी शॉपलाही लागू होतो आणि पहिल्या ३० दिवसांत पैसे परत मागता येतात. वस्तू जुनी आहे हे अर्थातच धरलं जातं, आणि जो दोष विकताना दाखवून दिला होता त्याबद्दल तक्रार करता येत नाही. संस्थेच्या ऑनलाइन दुकानातून घेतलं तर वस्तू हातात पडल्यापासून १४ दिवसांत कारण न देताही व्यवहार रद्द करता येतो.

तुमची देण्याची वेळ येते तेव्हा

कोट लहान झाला, घर बदललं, भारतात परत निघालात की वस्तू धुऊन, खिसे तपासून त्याच दुकानात द्या. तुम्ही इथे पुरेसा आयकर भरत असाल तर गिफ्ट एडचा फॉर्म जरूर भरा. तुमच्या वस्तूंच्या विक्रीतून १०० पौंड आले तर संस्थेला सरकारकडून आणखी २५ पौंड मिळतात आणि तुमच्या खिशातून काही जात नाही. नाव आणि पत्ता दिला की तुमच्या पिशव्यांवर लावायला स्टिकर मिळतात. दुकान बंद असताना पिशवी दाराबाहेर ठेवून येऊ नका. पावसात सगळं भिजतं आणि ते फेकून द्यायचा खर्च संस्थेवर पडतो. विद्यापीठाच्या वसतिगृहात राहत असाल तर जूनच्या आसपास आवारात ब्रिटिश हार्ट फाउंडेशनच्या दानपेट्या ठेवतात का, ते स्वागतकक्षात विचारा. तसं असेल तर पातेली आणि पांघरुणं तिथवर उचलून नेलीत की काम झालं.